राज्यातली सर्वांत समाधानी वस्ती

अहो, पाटी लावली ती लावली, पण लावायला जागा कुठली सापडली यांना? आमच्या बस थांब्याचा खांब! ज्या खांबापाशी वर्ष झालं बस फिरकत नाही, कुत्रंसुद्धा ज्याला आता ओळख देत नाही, त्या खांबावर ही एवढी निळी पाटी... 'राज्यातली सर्वांत समाधानी वस्ती'! म्हणे समाधानी!

तुम्हाला सांगतो, परक्यानं फसवलं असतं तर एक कचकचीत शिवी हासडून मोकळा झालो असतो. पण आपल्याच माणसांनी? थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा उगाच खेकसतोय.

आमची वस्ती टेकाडावर. दवाखाना, बाजार, सगळं खाली. वर यायला एकच रस्ता, आणि तो असा उभा की चढणाऱ्यानं आपले पाय सोडून दुसरं काही बघूच नये. बस होती तोवर ठीक होतं. मग एक दिवस बस बंद. का? तर म्हणे प्रवासी कमी. अहो, कमी म्हणजे आहेत ना? त्यातली एक आमची ही! हिचे गुडघे कामातून गेलेत, शेक घ्यायला दवाखान्यात न्यावं लागतं, घरातली तिची कामं मी करतो, तेही वाईट करतो, असं तीच सांगते. आता मी सायकल दुरुस्तीवाला, सगळा जन्म पंक्चर काढण्यात गेला, तेव्हा घरात सायकल आहे. हिला कॅरिअरवर बसवायची आणि मी ढकलायची. या वयात! अर्ध्या चढावर माझा भाता सुरू होतो आणि ही मागून म्हणते, "जरा सावलीसावलीनं न्या ना."

अशात खबर आली की सरकार मोजणी करणार. कसली? तर जीवनमानाची! राज्यभर घरोघर विचारणार, पाणी येतं का, रस्ता कसा, शेजारपाजार कसा, झोप लागते का, शेवटचं कधी हसलात... सगळ्याला दहापैकी मार्क. आणि जिथं मार्क कमी, तिथं सोयी आधी. मी म्हटलं, आली बस!

सगळ्यांना सलूनमध्ये गोळा केलं. म्हटलं, "बाबांनो, रडायचं. पोटभर रडायचं. काहीही विचारलं तरी एक किंवा दोन, वर जायचं नाही." सलूनवाल्यानं गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून शब्द दिला. किरकिऱ्या होता, तुम्हाला ठाऊक नाही तो, माझा लहानपणापासूनचा सोबती, त्याला ऊन लागतं, सावली बोचते, चहा गरम दिला तर भाजतो आणि गार दिला तर अपमान होतो. तो तर माझ्यावरच उखडला, "मला शिकवतोस होय रे? तक्रार करत जन्मलोय मी!" म्हटलं, झालं. एवढा तयार गडी असल्यावर काय भीती?

आली मोजणीवाली मुलगी. गुणाची पोर हो, तिचा काही दोष नाही. हातात ती सपाट पाटीसारखी मशीन, चढ चढून घामाघूम. मी तिला आधी तांब्याभर पाणी दिलं आणि मग तोंड पाडून बसलो.

"आजोबा, एकंदर आयुष्याला किती द्याल?"

"शून्य."

"शून्य नाहीये आजोबा, एकपासून सुरू होतं."

आता बघा! म्हणजे फुकटचा एक मार्क द्यायचाच! दिला. मग म्हणाली, "आजींना एकटीला विचारायचंय, तुम्ही जरा बाहेर बसता?" बसलो पायरीवर. आतून दोघींच्या हसण्याचे आवाज. तेव्हाच मला कळायला हवं होतं... हसण्यासारखं काय होतं हो त्यात?

आणि मग ती पाटी. म्हणे समाधानी!

तसाच गेलो खाली कचेरीत. तिथला कारकून खुर्चीतून उठून हात मिळवतो, "अभिनंदन आजोबा! राज्यात पहिले!" मी म्हटलं, "अभिनंदन घाल चुलीत, माझा एक मार्क कुठाय?" त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं, खाली-वर, वर-खाली. म्हणाला, "अख्ख्या वस्तीत एकच उत्तर इतकं वेगळं आलं ना, की चुकून बोट लागलं असणार म्हणून मशीननं गाळलं." चुकून! उभ्या आयुष्यात मी एवढं ठरवून दुसरं काही केलं नव्हतं, आणि ते चुकून! "आणि बस?" "बस कमी मार्कवाल्या वस्तीला, आजोबा. तुम्हाला काय कमी आहे?"

वर आलो तो सरळ सलूनमध्ये. सलूनवाला आरशात बघत पुटपुटतो, "दादा, जीभच वळेना. बाहेरच्या पोरीसमोर आपल्याच वस्तीची लक्तरं कशी टांगायची? आणि इथं हाल आहेत म्हटल्यावर गिऱ्हाईक येईल का?" बरं, त्याचं पोट आहे. पण किरकिऱ्या? तो खुर्चीत फेस लावून बसलेला! म्हटलं, "तू रे? तू किती दिलेस?" तर फेसातून म्हणतो, "दहा."

"दहा? सकाळीच तू म्हणालास, या वस्तीत राहण्यापेक्षा मेलेलं बरं!"

"ते तुला म्हणालो. तिची माझी ओळख ना पाळख, तिच्यापाशी कशाला रडू?"

आता या माणसाला काय करायचं, सांगा!

राहिली घरची. परवा दवाखान्यातून येताना, सायकल ढकलता ढकलता विचारलंच. म्हटलं, निदान ही तरी... जिचे गुडघे, तिनं तरी! "तू काय सांगितलंस गं त्या पोरीला?"

"काय सांगणार? तिनं विचारलं, दवाखान्यात जायला-यायला त्रास होतो का. मी म्हटलं, मला कसला त्रास? हे नेतात की बसवून. दहा दिले."

"अगं, त्रास मला होतो!"

"ते तिनं कुठं विचारलं?"

मी थांबलो. घाम पुसला. तर ही मागून हात लांब करून माझ्या सायकलीची घंटी वाजवते, "अहो, खांबापाशी घ्या ना जरा, ती पाटी नीट वाचायचीय."

घेतली. काय करता? राज्याची बस बंद झाली, आमची चालूच आहे... प्रवासी एकच, आणि तीही, म्हणे, समाधानी!