सव्वा मूठ

— नाही, नाही, तिथंच बसा. ओसरीवर वारं चांगलं लागतं, आणि हे देवाचे गहू आहेत ना, लांबूनच बरे. राग मानू नका. तुम्ही मास्तरीण, शिकलेल्या, तुम्हाला सांगायला नको. ऐकलं मी सगळं. एवढ्या चिखलातून फाट्यापासून चालत आलात ते एवढ्याचसाठी, की उद्या रविवार, कानबाई माता बसणार, आज तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजायचे, तर त्यात तुमच्या नवऱ्याची — आमच्या हिलालची — मूठ घालावी. एवढंच ना? तुम्हाला स्वतःला काही नको. तुम्ही बौद्ध, तुम्हाला आमचा देव नको, रोट नको, मानपान नको, फक्त त्याची मूठ. किती साधं मागणं! शेजारणीकडं विरजण मागावं तसं. आणि तो कुठं आहे? फाट्यावर? चहाच्या टपरीत? बायकोला पुढं धाडून आपण टपरीत — नाही हो, हसत नाही मी. पाणी घ्या. पेला तिथंच राहू द्या, मी सांगते कोणाला तरी उचलायला. आणि वहिनी नका म्हणू मला. वहिनी तो म्हणायचा. तुम्ही भागाबाई म्हणा, सगळं गाव म्हणतं.

तुम्ही पिंपळनेरच्या ना, म्हणजे अहिराणी येतच असेल. पण पाहुण्यांशी आम्ही शुद्धच बोलतो. तर शुद्धच सांगते. आमच्या घरात रोटाची रीत अशी, की जितके पुरुष तितक्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू. म्हातारा असो नाहीतर काल बारसं झालेलं पोर असो, सव्वा मूठ. बाईची मूठ नसते. बायका निवडतात, दळून आणतात, भाजतात, खातात — पण मूठ नसते. तुमच्या शाळेत असं नसेल. आणि ते रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडा नाही. म्हणजे ज्याची मूठ पडली तो घरचा. ज्याची नाही पडली — आता तुम्ही हुशार आहात.

आणि ही मूठ माझी आहे. मोजते ती मी. एकोणीस वर्षं झाली, दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही या गव्हाला. तुम्ही काय म्हणता पोरांना, फळ्यावर सुविचार लिहिता तेव्हा — प्रत्येकानं आपापल्या परीनं काहीतरी करावं, असंच ना? मग? मी तेच केलं. अडुसष्ट साली मी या घरात आले. थोरली जाऊ नर्मदाअक्का, तिनं येताना अंगभर सोनं आणलं, पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटी उरकते, आणि वर चार मुलगे, एकामागं एक, जसे काही गिरणीत नंबर लावून उभे होते. मी काय आणलं? एक पितळी हंडा आणि हा रंग. माझ्या भाकरीला पापुद्रा येत नाही, मला गाणं येत नाही, गोड बोलता येत नाही — ते तुम्हाला कळलंच असेल. मग अशा बाईनं खाल्ल्या अन्नाला जागावं तरी कसं? शोधावं लागतं हो. आपलं असं काय आहे, ते ज्याचं त्यानंच शोधावं लागतं, कोणी सांगत नाही. माझं या हातात निघालं. सत्तर साली सासऱ्यांनी, पितांबरनानांनी, आम्हा दोघींना गहू मोजायला बसवलं आणि तागडीत घालून बघितलं. अक्काची एक मूठ जड, एक हलकी. माझ्या तिन्ही सारख्या, दाण्याचा फरक नाही. नाना म्हणाले, ‘पोरी, तुना हात बराबर शे.’ बस. तेवढ्या चार शब्दांवर मी या घरात उभी आहे. रोट कितीही खुसखुशीत होवोत अक्काचे, ते कोणी खायचे हे माझ्या हातात.

आणि हातात म्हणजे काय, फरक पडतो हो त्यानं. अक्काचा दुसरा, भटू, त्यानं पिऊन आईवर हात उगारला होता. मी काय केलं? काही नाही. श्रावणात नावं घेत गेले, त्याच्या नावापाशी आले, आणि हात गव्हात तसाच ठेवला. नुसता ठेवला. सगळे बघताहेत. अर्धं मिनिट झालं असेल. उठला आणि आईच्या पायांवर पडला. मग घातली. तेव्हापासून थेंबाला शिवला नाही — म्हणजे पोळ्यापर्यंत तरी नाही शिवला. शिव्या नाहीत, मारझोड नाही, चार पंच बसवले नाहीत. तुमच्याकडं छडी असते ना? मला ती पण लागत नाही.

गेल्या वर्षीचं विचारता? विचारत नाही, पण तेच मनात आहे तुमच्या. वैशाखात तुम्ही दोघांनी धुळ्याला कोर्टात लग्न लावलं आणि श्रावणात तो एकटाच आला. नवा सदरा घालून. आपल्या जागेवर बसला, भटूच्या शेजारी. मी नावं घेतली. शेवटी दोन्ही नातू झाले — आणि मी हात झटकला. मी म्हणाले, नऊ. त्यानं नानांकडं नाही बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग उठला, चपला घालायलाही वेळ लागला त्याला, पट्टा अडकत नव्हता. गावात म्हणतात, पितांबरनाना मोठे करारी, पोटचा पोर तोडला पण रीत सोडली नाही. म्हणू देत. नानांनी कुठं काय सांगितलं होतं मला? उलट आदल्या दिवशी खळ्यात म्हणाले होते, ‘कसा बी शे, आपलाच शे’ — जाऊ द्या. हे तुमच्यासाठी नव्हतं. हे तुम्ही ऐकलं नाही.

कशाला म्हणजे काय? तुम्ही त्याला वर्ष-सव्वा वर्ष ओळखता. मी आले तेव्हा तो चार वर्षांचा होता, आई नव्हती त्याला, माझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरल्याशिवाय झोपायचा नाही. दुधात कुस्करलेली भाकरी माझ्याच हातची लागायची, अक्कानं कुस्करली तर ओळखायचा. एस.टी.च्या वर्कशॉपात चिकटला तर पहिल्या पगाराचं लुगडं मला आणलं, अक्काला नाही. अक्का महिनाभर बोलली नाही माझ्याशी, किती छान गेला तो महिना. आणि लग्न केल्याचं मला कशानं कळलं माहीत आहे? पोस्टकार्डानं. ते पण नानांच्या नावानं. मी कुठं होते? शेवटच्या ओळीत. ‘सर्वांना नमस्कार.’ त्या सर्वांत मी. तुमची जात बघून मी हात झटकला असं तुम्हाला वाटतं ना, वाटू द्या, गावाला पण तेच वाटतं, बरं दिसतं ते. विचारलं असतं त्यानं मला आधी — एका शब्दानं — तर मी — काय केलं असतं कोणास ठाऊक. नाही विचारलं.

चला, मला उशीर होतो. गिरणीवाल्या चुडामणनं गिरणी धुऊन ठेवलीय रोटाच्या दळणासाठी, आणि पाचला लाइट जाते. अक्का आत चूल सारवतेय, ती आता हाक मारील. बघायचंय तुम्हाला? बघा. बघायला बंदी नाही. हे फडकं कोरं आहे. ही नानांची — एक. ही भाऊंची, म्हणजे मोठ्या दिरांची — दोन. ही आमच्या ह्यांची — तीन. आता अक्काचे चौघे, चार, पाच — हा भटू, बघा, यंदा हात थांबवत नाही — सहा, सात. नातू दोन, आठ, आणि धाकटा, दाढा येताहेत त्याला, नऊ. आणि —

काय झालं? अशा काय बघता? उठलात कशाला? दूर, दूर व्हा, गव्हाला पदर लागेल — अहो पाया काय पडता, सोडा. डोळ्यांत पाणी कशाला आणता? काय दहा? कोणी मोजल्या? तू मोजल्यास? हं. पोरांची हजेरी घ्यायची सवय. एकोणीस वर्षांत या घरात कोणी मोजल्या नाहीत, मी तोंडानं नऊ म्हणाले की नऊ, आणि ही आज आली, हिला दहा दिसल्या.

ती त्याची नाही. ऐकलंत? ती दहावी हिलालची नाही. पुसा डोळे. गेल्या वर्षी पण दहाच घातल्या होत्या मी, तो समोर बसला होता तेव्हा, आणि त्याच्या आधी तो घरात होता तेव्हा त्याची धरून एक जास्तीची असायचीच. कोणाची म्हणून काय विचारता. नाव नाही त्याला. नावच नाही तर सांगू काय? सत्तर सालच्या आषाढातला. अकरा दिवस होता. बाराव्या दिवशी बारसं, अक्कानं पाळण्याला लावायला कागदाची फुलं आणली होती एरंडोलहून, आणि हा अकराव्या दिवशी दुपारी. बारसं नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून मूठ नाही. रीतच आहे तशी. मीच सांगते ती सगळ्यांना. आणि त्याच श्रावणात नानांनी हे गहू माझ्या हातात दिले — माझा हात बरोबर होता म्हणून दिले की मी चूलही पेटवत नव्हते म्हणून दिले, ते नानांना माहीत — आणि मी नऊ म्हणाले, का आठ होते तेव्हा, काय ते म्हणाले, आणि एक हळूच जास्त घातली. कोणाला कळलं? कोणाला नाही. दर वर्षी रोट थोडे उरतात आणि अक्का म्हणते, भागाबाईच्या मुठीला बरकत आहे. बरकत! कळलं ना तिला, की कानबाईच्या रोटात मेलेल्या पोराचं पीठ असतं, तर परातीसकट नदीत टाकील, आणि मला त्यामागं. आणि हे मी तुम्हाला सांगतेय. सख्ख्या बहिणीला नाही सांगितलं. ह्यांना नाही सांगितलं. तुमचं तोंड बंद असतं म्हणून माणूस बोलत जातो, वाईट सवय आहे हो तुमची.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं. — त्याच मुठीवर हिलालचं नाव घ्या? नुसतं नाव? एक दाणा जास्त नको, कोणाला कळायला नको, दोघांची मिळून एकच.

हं.

गोड बोलता. मला वाटलं होतं भांडाल. दोघांची एकच — खेळले असते म्हणता बरोबर. सहा वर्षांचा होता हिलाल तेव्हा, झोळीची दोरी ओढायला भांडायचा. म्हणजे मी आता म्हणायचं, हिलाल, आणि झालं. आणि तुम्ही जाणार चिखल तुडवत फाट्यावर आणि त्याला सांगणार, पडली. घातली वहिनीनं. आणि तो रडणार, टपरीवाल्यासमोर, उजव्या मनगटानं नाक पुसणार, रुमाल असतो खिशात तरी मनगटानंच. मग पुढच्या श्रावणात तो येणार, तुम्ही येणार, आणि हे — झाकता काय, मघापासून बघतेय मी, पाचवा ना? हे येणार. याचं बारसं होईल. याला नाव असेल. मग त्याची पण मूठ. आणि माझा? माझा कुठं जाईल? एकोणीस वर्षं त्याला एवढंच आहे, वर्षातून एकदा सव्वा मूठ, तीही चोरून. तिच्यात पण तुम्ही नवऱ्याला बसवायला आलात.

आणि मी नाही म्हटलं तरी तुम्ही सांगणारच त्याला. दहा होत्या, माझ्या डोळ्यांनी बघितल्या, तोंडानं नऊ म्हणाल्या पण घातल्या दहा. खोटं पण नाही ते. तो खूश होईल. धुळ्यापर्यंत गाडीत खूश राहील. माझ्या पोराच्या वाट्यावर.

पदर पसरा. पसरा म्हणते ना! — ही घ्या. कोणती नानांची, कोणती कोणाची, गव्हाला काय लिहिलेलं असतं का — ही एक मूठ. आणि ही वरची पाव. सव्वा. बरोबर आहे, बघायची गरज नाही, माझा हात चुकत नाही. आता फडक्यात नऊ आहेत. जा आता, सांगा कोणाला सांगायचं ते. अक्काला सांगा, नानांना सांगा, तागडी आणा, नऊच भरतील. आणि त्याला सांगताना नीट सांगा, मास्तरीण आहात — घातली म्हणू नका. काढून दिली म्हणा.

हात लावू नका मला.

— हो अक्का, झालं! बांधतेय गठुडं! — नऊ! — अगं नऊच, दुसरं काय! — कोणी नाही. शाळेच्या बाई आहेत, रस्ता विचारत होत्या.

उठा. साडेचारची धुळे गाडी आहे. सांडलेले दाणे तेवढे उचला, पायाखाली येतील.