निळ्या फरशीवरची ग्यालरी

—नको, ती शाल मेजावर ठेवू नकोस. पिशवीतच राहू दे. कदेल ओढ नि बस, बाय, उन्हातून आलीस, पाणी पी—पण शाल नको. समितीने पाठवली म्हणतेस? रविवारी त्या गोष्टीला दहा वर्षं होतात, माहितेय मला, कॅलेंडर माझ्याही घरात आहे—नि पोर्तुगालचे ते पाहुणे परत येणार, त्यांच्या हातून मला, गोकुळदासला, शाल नि नारळ. का, तर म्हणे मयताचा भाऊ. खरंय, सगुणचा थोरला भाऊ मी. अकरा गेले, त्यांतला एक तो. पण त्याची बायको आहे ना, शेवंती, तिला द्या. काय, तीच म्हणाली भावोजींना द्या? ती म्हणेलच. तिला काय माहीत.

ती स्मारकाची भिंत बघितलीस येताना? पोर्तुगालातल्या कुठल्याशा गावाने दिली—आमचं जुळं गाव म्हणे. कसलं जुळं? कागदावर दोन सह्या झाल्या, समितीतले चौघे तिकडे जाऊन जेवून आले, झालं जुळं. निळ्या फरश्या बोटीतून आल्या, एकेक कापसात गुंडाळलेली, जशी काय बाळंतीण. वर पंखवाला देवदूत, त्याच्या काखेत फुटबॉल—देवी सातेरीच्या गावात. तेही सोड, पाहुण्याच्या ताटाला नावं ठेवू नयेत. पण खाली मैदानाची ग्यालरी, लोक मॅच बघायला बसतात ती, रंगवलीय ती सिमेंटची. सिमेंटची, गे. ती ग्यालरी मी बांधली होती, मी नि सगुणने, कारापूरच्या कुळागरातल्या पोफळी तोडून आणून, सुंभाने आवळून, एक खिळा नाही तिच्यात. बापाच्या वेळेपासून जत्रेचे माटव उभारायचं काम आमच्या घराचं. चित्र काढणाऱ्याला विचारायचं सुचलं नाही, नि आमच्या शहाण्यांना सांगायचं सुचलं नाही.

त्याहून भारी खालची ओळ. तीन भाषांत लिहिलीय—अतिगर्दीमुळे कोसळली. चौकशीतही हेच आलं. गर्दी. मला हसू येतं. सहाशे माणसं होती वर, मान्य. पण त्याआधी तिकडे पेडण्याच्या मैदानावर आम्ही बांधली होती ना, तिच्यावर आठशे होती, नि गोल झाल्यावर ती नाचली—नाचली, बाय—तरी एक वासा कुरकुरला नाही. माझी ग्यालरी माणसांनी मोडत नाही. लिही, स्मरणिकेत घाल हे. दोन ओळी मागायला आलीस ना, ही एक घे.

मग कशाने मोडली? तारखेने मोडली. फुटबॉलची फायनल ठरल्या दिवशी झाली असती तर अकराही माणसं घरी जेवायला गेली असती. पण या पाहुण्यांना बघायची होती म्हणे, नि त्यांचं विमान आठ दिवसांनी—म्हणून समितीने फायनल आठ दिवस पुढे ढकलली. जुळ्या गावचा मान. आता मला सांग, ओली पोफळ, वर चैत्राचं ऊन—काय होणार? पोफळ सुकते, बारीक होते, नि सुंभ सैल पडतो. हे माटव बांधणाऱ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तिसऱ्या दिवशी चढायचं, एकेक गाठ मोगरीने ठोकून आवळायची, परत सहाव्या दिवशी चढायचं, नि ज्या दिवशी माणसं बसणार त्या सकाळी तर चढायचंच. बाप सांगायचा, त्या सकाळी न्याहारी चुकली तरी चालेल, हे चुकवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी चढलो मी. सहाव्या दिवशीही चढलो. अशी बघू नकोस, सांगतोय ना. त्या सकाळी—त्या सकाळी समितीचा निरोप आला, मध्यंतरात पाहुण्यांच्या हातून ग्यालरी बांधणाऱ्याचा सत्कार. माझा. तीस वर्षं बांधत होतो, माटवाखाली जेवून ढेकर दिलेल्या एकाने कधी विचारलं नव्हतं की हा बांधला कोणी. आंघोळ झाली होती. पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा, नि पोफळीचा डाग पांढऱ्यावरून जात नाही. सगुण म्हणाला, "दादा, मी चढतंय, गाठी बघून येतंय." मी म्हटलं, "रवांदे रे, परवाच तर आवळली. तू वर जाऊन जागा पकड, माका शाल घालतील तेव्हा मोबाईलवर फोटो काढ."

काढला त्याने. खांद्यावर शाल पडली, मी वर बघितलं, त्याने मोबाईल धरलेला हात हलवला, नि ग्यालरीचा डावा कोपरा खाली बसला. आधी कोपरा, मग सगळी. मोबाईल सापडला तो धड होता. फोटो शेवंतीने अजून ठेवलाय—अधूनमधून मलाच दाखवते, "भावोजीनू, कितके बरे दिसतास तुमी." मी बघतो. नाही म्हणायचं कसं.

ते लिहू नकोस. कागद इकडे दे. गर्दीची ओळ आहे तीच राहू दे, तीन भाषांत आहे, पुरे झाली. रविवारचा माटव कोण बांधतोय तुमचा? म्हापशाचा कोणी? लोखंडी पाइप, नटबोल्ट—बरं. लोखंड सुकत नाही. तरी सकाळी कोणाला तरी वर चढव, एकेक नट आवळून घ्यायला सांग. शर्ट मळला तरी चढव.

जा आता, पणजीची बस चुकेल. नि ती पिशवी विसरलीस. घेऊन जा ती.