मिरच्यांशेजारी ठेवलेलं क्लॅरिनेट

मुलांना शिकवायला लहान क्लॅरिनेट बरं, असं कुणी सांगितलं तुम्हाला, सिस्टर? – नाही, पेटी राहू द्या मांडीवर, उघडून बघा. ते ई फ्लॅट. दिसायला खेळणं, पण आवाज असा चिरका की लग्नाच्या मिरवणुकीत सगळ्या बँडच्या वरून ऐकू येतो. आणि लहान म्हणून सोपं नाही हं. ओठ घट्ट आवळायचे, छाती लावून फुंकायचं. नव्या मुलांना द्यायचं ते बी फ्लॅट – हे लांब, काळ्या लाकडाचं. त्याच्याहून थोडं लांब असतं ते ए, आमच्या भुईगावच्या बँडात कुणाकडे नव्हतं. आणि बेस क्लॅरिनेट तर वर मान वाकवलेलं, खाली पितळी तोंड, वाजवलं की म्हैस हंबरल्यासारखं – मी एकदाच पाहिलं. मी काय वाजवणार? पुसायचे मी. आमचे हे, बर्नार्ड, वाजवून आले की नळीतून फडकं ओढायचं, रीड – तोंडाशी बसवायची ती वेताची पातळ पट्टी – पुसून डबीत ठेवायची, हे माझं काम. बावीस वर्षं केलं.

या मोठ्यावरची ही चीर दिसली ना तुम्हाला? दिसणारच. ती उन्हाची. मे महिन्यात मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या अंगणात, त्यांच्याशेजारी मी हेही ठेवलं – ओल निघावी म्हणून. सगळ्यांना मी हेच सांगते. आलोशियस म्हणाला, वहिनी, तुम्ही याचा मसाला करणार होता काय? हसले सगळे. मीही हसले.

आलोशियस म्हणजे बँडमास्टर. त्याच्या मुलीचं, प्रियलचं लग्न होतं. डॉक्टरांनी बर्नार्डना वर्षापूर्वीच बजावलं होतं, छाती कमजोर आहे, फुंकायचं नाही. वर्षभर ऐकलं त्यांनी. पण आलोशियस दारात येऊन म्हणाला, तुझ्याशिवाय माझी पोरगी चर्चातून बाहेर पडणार नाही – मग कोण ऐकतंय? मी रडले, भांडले. ते रीड भिजवत बसले. – उन्हात ठेवू नये हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं, सिस्टर. त्यांनीच शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. लाकूड तडकतं म्हणून. – नाही, फादरना नाही सांगितलं. कुणालाच नाही. आता तुम्हाला कसं सांगून बसले कोण जाणे.

ते ओरडले नाहीत. चिरेवरून बोट फिरवलं नि एवढंच म्हणाले, "लाकूड आहे गं, मिरची नाही." मला वाटलं, सुटले. आता घरी बसतील. – पण कपाटावर ही पेटी होती ना. त्यात हे लहान आहे, हे मी विसरलेच होते. बावीस वर्षं पुसूनही विसरले. मोठं फुटलं म्हणून त्यांनी लहान घेतलं, आणि त्याला जास्त दम लागतो. चर्चच्या दारापासून मांडवापर्यंत वाजवत गेले, प्रियलच्या पुढे. चेहरा लालबुंद, पण खूश. घरी आल्यावर म्हणाले, दमलो, जेवत नाही.

मोठं घेऊन जा तुम्ही. चीर भरून मिळते म्हणतात. ते लहान इकडे द्या. – नाही, मुलांच्या हातात नाही देणार मी ते. द्या, सिस्टर.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी मिरच्या उन्हात पसरल्या, मग चहा घेऊन आत गेले. ते गेले होते.