नव्या तक्त्याची शेवटची ओळ

—नाही नाही, उठू नकोस, तुझ्या चष्म्याची नाकावरची गादी सैल झालीय, दोन मिनिटांचं काम. तर बारावी झाली, डोळ्यांच्याच लाइनीत जायचं, पण कुठल्या दारानं — असंच ना? विचारतेस कुणाला, तर सातवी नापास चष्मेवाल्याला! बरं, ऐक. काउंटरवर फ्रेम विकायची, तर जिभेवर साखर हवी. गिऱ्हाईक स्वतःचा चष्मा काढून कोरी फ्रेम घालतं, आरशात त्याला स्वतःचं नाक दिसत नाही, आणि विचारतं — कशी दिसते हो? शोभते म्हणायचं. एका बाईंना मी लहान मुलाची फ्रेम चढवली, तरी म्हणाल्या, फारच छान! मुद्दाम? छे, चुकून गं. दुसरं म्हणजे नंबर तपासायचा, ऑप्टोमेट्री — चार वर्षं शिकायचं आणि जन्मभर विचारायचं, आता बरं दिसतं की आधी? आमच्या हिला मी लग्नानंतर तेच विचारलं होतं. म्हणाली, आधी. मागच्या खोलीत काचा घासायचं काम माझं, पण ते आता मशीन करतं, त्यात पडू नकोस. राहिली डॉक्टरकी. ती माझ्या लेकीनं धरली — समोरचा दवाखाना तिचाच, दिवसाला आठ-आठ मोतीबिंदू काढते.

जरा जवळ ये, एक सांगतो. आज चारला ती माझे डोळे तपासणार. दर सहा महिन्यांनी तपासते, आणि मी दर वेळी पास! अगं, तो अक्षरांचा तक्ता तीस वर्षं मीच लोकांकडून वाचून घेतला, झोपेतही म्हणेन. पण सकाळी बया इथं भिंतीवर नवाच तक्ता लावून गेली. संशय आला असणार — बापावर गेलीय. तर तू एवढंच कर, चष्मा नाही तर जवळ जाऊन, खालच्या दोन ओळी हळूच वाच. मी पाठ करतो.

नाही? का नाही? दिसतं गं मला. उजव्याला थोडं धुकं आहे, डाव्याला — जाऊ दे. हा स्क्रू बघ, नुसत्या बोटांनी बसवला. ऑपरेशनला भितो? मी? दहा मिनिटांचं काम, मीच लोकांना सांगतो. तसं नाही… ती दहा वर्षांची असताना माझ्या बोटात काच घुसली होती. सुई घेऊन बसली, कण काढला, हात इतकासा हलला नाही. मग मोरीत जाऊन भडाभडा ओकली. बापाचं रक्त ना. परक्याचा डोळा निराळा. माझ्या डोळ्याचं काही बिनसलं तर मी काय, चाचपडत जगेन — पण तिचा हात पुन्हा सुरीला लागायचा नाही. मग त्या आठ-आठ जणांनी कुणाकडे जायचं? म्हणून पाठ करतो. वाच आता. वाच ना. दाराकडे काय बघतेस? काही नाही तिथं, पडदा आहे पांढरा…

पडदा तर निळा आहे आमचा.

कधी आलीस गं लेकी, पांढरा कोट घालून?

बरं… बरं म्हटलं ना. उद्या तर उद्या, तूच काढ मोतीबिंदू. आता रडू नकोस, हात हलेल.

पोरी, हा घे तुझा चष्मा. जा तू. आणि जाताना दार ओढून घे.