दादाचा पिरॅमिड

गेममधल्या पिरॅमिडवरून आमच्या आईनं एकदा काय केलं, ते सांगतो. टेम्पो उलटला आणि माझ्या थोरल्या भावाचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. तेव्हापासून कर्जतच्या घरी दादा दिवसभर खाटेवर पडून लॅपटॉपवर राज्य वसवायचा गेम खेळायचा. बोलणं जवळपास बंदच. एकदा आई चहा घेऊन त्याच्याजवळ बसली.

"काय बांधतोस रं?"

"पिरॅमिड. राजाचं थडगं."

"राजा मेला व्हय?"

"न्हाई. जित्ता असतानाच बांधून ठेवायचं."

"राजा कोन हाय?"

"मीच की."

आईनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "बंद कर ते."

दादानं वाद घातला नाही. काम संपत आलेलं असूनही त्यानं ते सोडून दिलं. जरा वेळानं स्क्रीनवर काहीतरी झळकलं.

"बघ, पलीकडच्या राजानं बांधला. गेममधी त्यो एकालाच बांधता येतो, माझी मेहनत वाया गेली."

"त्यो कोन?"

"कोनी न्हाई. कॉम्प्युटर हाय."

"मग त्यालाच जाऊ दे त्या थडग्यात," आई म्हणाली. "तू नगं जाऊस."

अपघातानंतर दादा एकदाही रडला नव्हता. त्या दिवशी रडला, आवाज न करता. आई त्याच्या पायांवरून हात फिरवत राहिली. त्याला तो स्पर्श कळत नव्हता.