जळाईचा दिवा आणि सत्तर मागणारी मोटर

मंडळी, टाळ थांबवा! आधी एक सांगा — ज्याच्याकडे भरपूर आहे, त्याच्याकडून एकदम किती मागावं?

काय म्हणालात काका? "सगळं"? वा! कुणाचे तरी पाहुणे दिसता!

ऐका तर. एका गावात मोठा तलाव. मधोमध जळाईचं देऊळ. वर्षातून एकदा, पौर्णिमेला, दिवेलागणीला, भोयांच्या घरानं नावेतून तिथं दिवा न्यायचा. सात पिढ्यांचा मान! यंदा नाव कुजली. तलावात गाळ, शेवाळ — पंचायतीनं माणूस उतरायला बंदी केली. वर सरपंच म्हणाले, "सोनबा, यंदा दिवा पोचला नाही, तर पुढल्या वर्षीपासून काठावर लाइटची माळ. मान संपला."

संपला? अहो, सोनबा भोई! विहिरींच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून देणारा!

"माणूस नको ना? बिनमाणसाची नाव नेतो!"

केली की! चार फुटी. रिमोटवर चालणारी. मोटर बैलासारखी. बॅटऱ्यांची जोडी — एक वापरायला, एक राखीव.

पौर्णिमेची दुपार. चाचणी. नाव सुटली — सुर्रर्र! अर्ध्या तलावात — बंद! दोरी बांधली होती म्हणून ओढून आणली. झाकण काढलं, तर बॅटरी टम्म! पुरीसारखी! ती त्यानं लांब नेऊन वाळूच्या बादलीत टाकली.

"कंट्रोलर भिकार!" सोनबा ओरडला.

कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधला दरवान. बिचारा! भांडण कुणाचंही असो, मार मधल्याला. सोनबानं नव्वद अँपिअरचा काढला, एकशेवीसचा बसवला. आता राखीव बॅटरी जोडणार — शेवटची! — तेवढ्यात बायको तान्हूबाई म्हणाली,

"अहो, थांबा. ही देते किती?"

"पाच अँपिअर-तास. लेबलावर आहे."

"ते साठवते किती. मी विचारलं, देते किती? एका दमात?"

सोनबा बॅटरी उलटसुलट करून बघू लागला.

हे आधी का नाही बघितलं, मंडळी? चाळीस वर्षं त्यानं मोटरी जोडल्या खांबावरच्या लाइनीला. ओढली की येते! देणाऱ्यालाही दम लागतो, हे त्याच्या धंद्यात कधी आलंच नव्हतं.

चष्मा लावला. लेबलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षर — दहा सी. म्हणजे साठ्याच्या आकड्याच्या दहापट, तेवढेच अँपिअर एका वेळी ओढायचे. पाच गुणिले दहा? म्हणा! — पन्नास! मागचे झोपले का? — पन्नास!! आणि मोटर मागत होती सत्तर.

"मग दरवान कितीही मोठा केला—"

"तरी रांजणाची तोटी तेवढीच," तान्हूबाई म्हणाली. "आणि माझीही. सकाळपासून पंचवीस पानांचा स्वयंपाक, वर तुमचं दर घटकेला 'तान्हू, चहा'!"

हसू नका. शेजारी बघा.

जास्त देणारी बॅटरी शहरात. जाऊन यायला सहा तास, दिवेलागणीला तीन! सोनबानं मोटरीकडे पाहिलं. लाडकी मोटर! तिचा जोर कमी करायचा? गावासमोर?

उठला. नावेचा मोठा पंखा काढला, लहान बसवला — पाणी कमी ढकलणार, वीज कमी मागणार. हौदात धरून मीटर लावला — अडतीस.

"हळू जाईल गं."

"जाऊ दे. दिव्याला कुठं घाई आहे?"

सूर्य टेकला. काठावर सगळं गाव. नाव निघाली — बदकासारखी! पोरं हसली. सोनबाच्या हातात रिमोट. अर्धा तलाव आला... दुपारची तीच जागा... मंडळी, नाव चालतेय! आणि दिव्याची वात? सरळ उभी! दुपारच्या वेगानं गेली असती, तर मोटर पोचली असती कदाचित — दिवा विझून!

पायरीला टेकली. उजेड देवीच्या पायावर.

जळाईच्या नावानं चांगभलं!

सरपंच जवळ आले. "सोनबा, पुढल्या वर्षी?"

"पंचवीस सीची बॅटरी आणतो."

"आणि मोठा पंखा?" तान्हूबाईनं विचारलं.

"नाही. पंखा हाच."

आता तुम्ही घरी जाल, भूक लागलेली असेल. उंबऱ्यात क्षणभर थांबा. आत जे माणूस राबतंय, त्याच्या अंगावर लेबल नसतं. विचारावं लागतं.

चला, उचला टाळ! आणि हो — पखवाजवाले बुवा चार वाजल्यापासून वाजवतायत. चहा घेतला का हो, असं त्यांना कुणी विचारलं?

...नाही ना? मग आधी ते. हरिनाम त्यानंतर!