दोनशे काडतुसं

कॅरी गावातल्या बंदुकांच्या दुकानात काउंटरसमोर रांग होती. माझ्या मागे साठीचे एक काका आणि तिशीची नेत्रा. नाव त्यांच्या बोलण्यातूनच कळलं.

"काका, हा हातोडा कशाला?"

"काडतुसं उघडायला. त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटी होते. परवा घरच्या गॅरेजमध्ये भरली ती. दोनशेच्या दोनशे."

"सगळी? अख्खा सॅटरडे गेला होता ना तुमचा?"

"भरताना मध्येच फोन आला. बोलता बोलता हात चालूच राहिला. जास्त पॉवरची काडतुसं आहेत. एखाद्यात दारूची पावडर दोनदा पडली असेल, तर पिस्तूल हातातच फुटेल."

"मग वजन करून चेक करा ना."

"खात्री नाही होत त्यानं, नेत्रा. उघडायचीच."

"भरताना फोन घरात ठेवायचा, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"हो."

"मग?"

"त्या दिवशी रीमाचा बर्थडे होता. म्हणून जवळ ठेवला."

"तुमच्या मुलीचा फोन होता?"

"दीड वर्षानं."

"काय म्हणाली?"

"'बाबा, आर यू बिझी?' म्हटलं, नाही गं, रिकामाच बसलोय."

"काका, काय तुम्ही पण."

"चाळीस मिनिटं बोलली. पुढच्या रविवारी परत करते म्हणाली."

"किती वाजता?"

"ते विचारायचं राहिलं."

"मग रविवारी प्लीज काही भरायला बसू नका."

"छे. रविवारी दिवसभर उघडत बसणार आहे. ते काम मध्येच कितीही वेळ थांबवता येतं."